अनुपच्या काळजाचे काप

आमच्याकडे तरणं पोरगं वावरात मेलं की कारण शोधायची तसदी कोणी घेत नाही. कारण तयारच असतं. "औषध पेला." झालं, विषय संपला. त्यातून बांधावर फवारणीच्या औषधाची बाटली पडलेली दिसली तर मग काय, साक्षीपुरावाही झाला. आता बाटली कोणाच्या बांधावर नसते हो? पण हे विचारणार कोण? गावाच्या तोंडाला काही झाकण नसतं.

दौलतरावांचा अनुप मागच्या हिवाळ्यात असाच गेला. हरभऱ्याच्या राखणीला रात्री मचाणावर झोपला होता, सकाळी त्याला खाटेवर घालून घरी आणलं. शेलूबाजारच्या आत चार कोस असलेलं ते गाव, दुपारपर्यंत सगळ्या आळीला कारण ठाऊक झालं होतं. कारण आदल्या संध्याकाळी बापलेकाचं भांडण सगळ्या आळीने ऐकलं होतं. अनुपने पोलीस भरतीचा नाद सोडला होता आणि पुण्याला कंपनीत जातो म्हणत होता. दौलतराव दारात उभे राहून ओरडले, "तुया हातून काहीच होत नाई! मेला असता तं एक ताट कमी वाढा लागलं असतं!"

असं आपल्याकडे कोणता बाप बोलत नाही? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. तासाभराने तोच बाप विचारतो, पोट्टं जेवलं का? पण अनुपच्या बापाला तो तास मिळाला नाही. पोरगं रागारागात वावरात निघून गेलं ते गेलंच.

तपासणीचा अहवाल पावसाळ्यात आला. पोटात विष सापडलं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. थोरल्या मंजुषाने तो बापाला दोनदा वाचून दाखवला. दौलतरावांनी मान हलवली नुसती. गाव म्हणालं, औषध उतरून गेलं असंन, डॉक्टरले काय समजते. आणि दौलतरावांनी मुलीचं न ऐकता गावाचं ऐकलं. माणूस दोषी असला की त्याला शिक्षा सांगणाराच खरा वाटतो.

"म्या खाल्लं माह्या पोराले," ते ताटावर बसले की म्हणत. मग अर्धी भाकर तशीच राही. एके काळी हा माणूस विहारात वंदनेला उभा राहिला की त्याचा आवाज पाटलाच्या वाड्यापर्यंत जाई. आता विहारात जाणं बंद, वावरात जाणं बंद. वावर बायको लिलाबाई आणि धाकटी मुलगी पौर्णिमा बघत. दौलतराव भिंतीला टेकून बसत, दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा. मंजुषा दर रविवारी वाशीमहून येई आणि दर रविवारी तिला बाप थोडा आणखी झिजलेला दिसे. पोरगा तर गेलाच, आता बापही चालला, हे तिला उघड दिसत होतं. तिच्या मनाने घेतलं, की काहीही करून हे ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरवायचं. अनुप औषध पिऊन मेला नाही, हे त्यांना पटलंच पाहिजे.

मंजुषा वाशीमच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. तिचे सर गोविंदसिंग, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून शिकून वर आलेले. काम होतं बोकडाच्या हृदयावर. फवारणीच्या औषधाने हृदयाचं काय होतं ते पाहायचं. दिवाळीनंतर या कामासाठी परदेशातून एक थर्माकोलचा डबा आला, आत बर्फ, आणि बर्फात करंगळीच्या पेराएवढी एक कुपी. कुपीत काही थेंब पाणी म्हणा ना. पण ते पाणी साधं नव्हतं, ते प्रतिपिंड होतं. जत्रेच्या गर्दीत माय जशी हजार पोरांतून आपलंच पोर हुडकते, तसं हे पेशीतल्या हजार प्रथिनांतून एकालाच हुडकून त्याला जाऊन चिकटतं. मग वरून रंग दिला की ते प्रथिन जिथं असेल तिथं तपकिरी दिसतं.

या कुपीतलं प्रतिपिंड हुडकायचं ते हृदयाच्या पेशीवरच्या एका दाराला. ठोका पडून गेला की त्या दारातून पोटॅशियम बाहेर निघतं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. दारं कमी पडली तर पेशी तयार व्हायला उशीर लागतो, आणि त्या उशिरात हृदयाचा ताल कधी बिघडेल याचा नेम नसतो.

मंजुषाला हे सगळं पुस्तकात वाचून ठाऊक होतं. पण डबा उघडताना पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की आपल्या अनुपचंही हृदय कुठेतरी ठेवलेलं आहे. शवविच्छेदनात विषाच्या तपासणीला पोटातले अवयव गेले, तसा हृदयाचा एक तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून वेगळा पाठवला होता. तिथं त्यात दोष सापडला नव्हता, पण तिथं ही दारं कोणी पाहिलीच नव्हती. तो तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला असणार. तिने अर्ज केला, खेटे घातले, आणि एक दिवस ती वडी हातात पडली. साबणाच्या चिपेएवढी. सख्खा भाऊ पर्समध्ये घालून ती बसने वाशीमला आली. वाटेत शेजारच्या बाईने विचारलं, "बाई, बरं नाई का तुले?" मंजुषा म्हणाली, उलटीसारखं होऊन राह्यलं.

सरांनी आधी सरळ नाही म्हटलं.

"कुपीवर काय लिहिलंय वाच."

"फक्त संशोधनासाठी. निदानासाठी नाही."

"मग? याच्यावरून कोणाला रोगी ठरवता येत नाही, मंजुषा."

"सर, तो रोगी नाही. तो मेलाय."

सरांनी कुपी तिच्यापुढे सरकवली. मग त्यांनीच अपघातात गेलेल्या एका माणसाच्या हृदयाचा तुकडा ओळखीतून मिळवून दिला, तुलनेला चांगलं हृदय हवं म्हणून. मंजुषाने दोन्ही वड्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले, काचेवर घेतले, त्यावर ते थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अपघातवाल्याच्या पेशींच्या कडा तपकिरी, रेखीव, घराच्या भिंतीला दारं असावीत तशी. अनुपच्या पेशींच्या कडा फिक्या. तपकिरी रंग सगळा आत, मध्यभागी गोळा होऊन पडलेला. दारं बनली होती, पण चौकटीत बसलीच नव्हती.

तिचा विश्वास बसेना. तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिला हसू फुटलं, आणि लगेच रडू. भावाचं काळीज फाटकं निघालं म्हणून आपण आनंदाने हसतोय, याची तिला लाज वाटली. पण आनंद झाला तो झालाच.

सरांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "संशय पक्का आहे," ते म्हणाले. "पण संशयच म्हणायचा. असं असेल तर ते घराण्यात असतं. घरच्या सगळ्यांचा ईसीजी काढ. आणि तो कसा गेला ते नीट विचार. या जातीचं दुखणं असलेली माणसं धावताना जात नाहीत. झोपेत असताना एकदम मोठा आवाज झाला, गजर वाजला, फोन वाजला, तेव्हा जातात."

"हो सर," मंजुषा म्हणाली, पण तिचा हात तोवर पर्सकडे गेला होता. तिने त्यातलं एकच ऐकलं होतं, संशय पक्का आहे.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. बुद्धाच्या तसबिरीपुढे लिलाबाईने मेणबत्ती लावली होती. मंजुषा बापापुढे मांडी घालून बसली आणि तिने सगळं सांगितलं. दारं, चौकटी, तपकिरी रंग. दौलतरावांना त्यातलं फार कळलं नाही. पण पोरगी आपल्या हाताने पाहून आली, एवढं कळलं.

"म्हंजे औषध नाई पेला?"

"नाई बाबा. त्याचं हृदयच जन्मापासून कच्चं होतं."

"माह्या बोलण्यानं नाई?"

"नाई. तुमच्या बोलण्यानं नाई."

दौलतरावांनी तोंडावर उपरणं धरलं आणि ते असे रडले की शेजारचा भिवाजी काय झालं म्हणून दारात आला. मग त्यांनी पाणी मागितलं. मग भाकर मागितली. आख्खी भाकर खाल्ली, वरून अर्धी घेतली, लिलाबाई वाढताना डोळे पुसत होती. आणि पोटात अन्न गेल्यावर, वर्षभर मिटलेलं तोंड उघडल्यावर, दौलतराव बोलत सुटले.

"मले मंग आता समजलं वं. म्या तं त्याले जित्ता पाह्यला होता सकाळी! म्या वावरात गेलो तं रोही घुसलेले, धा-बारा. अन् हा पठ्ठ्या मचानावर घोरून राह्यला. मले आला राग. म्या बंदूक भरली अन् मचानाखालीच फोडली, म्हटलं रोही बी पयतीन अन् हा बी उठंन. उठला ना! ताडकन उठून बसला. मायाकडे पाह्यलं त्यानं. मंग आडवा झाला. मले वाटलं सोंग करून राह्यला. मंग वाटलं रातीच पेला असंन..."

बंदूक म्हणजे खरी बंदूक नव्हे. प्लास्टिकचा पाइप असतो, त्यात कार्बाइडचा खडा टाकायचा, थोडं पाणी सोडायचं, झाकण लावायचं आणि लायटरचा खटका दाबायचा. बाजारात कुठेही मिळते. वांदरं, डुकरं, रोही म्हणजे नीलगायी हाकलायला आता घरोघरी तीच आहे. आवाज असा होतो की जवळ उभ्या माणसाच्या कानाला दडे बसतात.

मंजुषाच्या हातातला पाण्याचा गडवा तसाच राहिला. गजर वाजला, फोन वाजला. सरांचं वाक्य आता तिला ऐकू आलं. बाप समोर बोलतच होता, बोटं चाटत, वर्षाने हलका झालेला. त्यांनी ही गोष्ट कधी लपवली नव्हती. सांगण्यासारखी आहे असंच कोणाला वाटलं नव्हतं. राखणीला बंदूक फोडली, त्यात काय सांगायचं? शब्दाने पोरगा मारला म्हणून ज्याने वर्षभर अन्न सोडलं, त्याला आता काय सांगावं? मंजुषाने गडवा खाली ठेवला. बोलायला जीभ उचलेना.

पुढच्या आठवड्यात तिने पौर्णिमाला कपडे घ्यायच्या निमित्ताने वाशीमला नेलं आणि दोघींचा ईसीजी काढला. मंजुषाचा ठीक निघाला. पौर्णिमाचा पाहताना डॉक्टरांनी चष्मा पुसला, पट्टी लावून पुन्हा मोजलं. रोजची गोळी लिहून दिली, नागपूरला मोठ्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. आणि म्हणाले, तोवर एक सांभाळा, हिला झोपेतून दचकवू नका. मोठा आवाज नको.

"म्हंजे मले आता कोनी खेकसू शकत नाई," पौर्णिमा बाहेर आल्यावर म्हणाली. "हे तं लय चांगलं झालं!" बारावी होऊन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोरगी, कशाचीही थट्टा करायची तिला खोड. पण ऑटोत बसल्यावर तिने ताईचा हात धरला तो स्टँड येईपर्यंत सोडला नाही.

लिलाबाईला मंजुषाने गोठ्यामागे नेऊन सगळं सांगितलं. त्या माउलीने आधी घराकडे वळून पाहिलं, नवरा ऐकत तर नाही ना.

"तुया बाबाले नको सांगू. जीव देतीन ते. कसेबसे उठून बसले, मंजे. नको सांगू."

"अन् पौर्णिमाचं?"

"मी हाय ना. बंदूक म्या कोठ्यात कडब्याखाली दडोली. घरात भांडं नाई आपटू देत. मी सांभाळतो तिले."

मंजुषाला ते पटलं नव्हतं. पण पटवून घेतलं. आपल्या हाताने बापाला पुन्हा खड्ड्यात ढकलायचं धाडस तिच्यात नव्हतं, हे खरं कारण. दौलतराव दाढी करू लागले होते. विहारात जाऊन आले होते. हरभरा घाट्यांवर आला तसे ते वावरात जाऊ लागले, आणि आवाजही परत आला, पहिल्यासारखा खणखणीत. गाव म्हणालं, दौलत माणसात आला. आगीतून बाहेर आलेला माणूस सरळ फुफाट्याकडे चालला होता, आणि रस्ता मंजुषानेच दाखवला होता.

अशाच एका रविवारी मंजुषा दुपारी घरी आली. लिलाबाई अंगणात तूर पाखडत होती.

"बाबा?"

"वावरात. पौर्णिमा बी गेली पुस्तक घेऊन. म्हने उनात बसून वाचतो." लिलाबाईने सूप थांबवलं. "मंजे, त्यायनं काल शेलूबाजारातून नवी आनली वं. म्हने जुनी कोनं नेली का तं काय मालूम."

"काय नवी आणली?"

विचारलं खरं, पण उत्तराची वाट न बघता मंजुषा निघाली होती. वावर गावाला लागूनच, नाला ओलांडला की आलं. नाल्याच्या चढावरून तिला सगळं एका नजरेत दिसलं. बांधावरच्या निंबावर वांदरं, पाच-पंचवीस. काही हरभऱ्यात उतरलेली. मचाणाच्या सावलीत पोत्यावर पौर्णिमा झोपलेली, तोंडावर पुस्तक. सकाळच्या गोळीने तिला दुपारी गुंगी यायची. आणि मचाणाच्या पायाशी दौलतराव उकिडवे बसून पाइपात पाणी सोडत होते.

मंजुषाने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडली तर पौर्णिमा दचकेल. नाही ओरडली तर... तिने चपला टाकल्या आणि ती हरभऱ्यातून धावत सुटली, आवाज न करता, दोन्ही हात हवेत हलवत. काटे रुतले, घाटे पायाखाली फुटले. दौलतरावांची पाठ तिच्याकडे. त्यांनी झाकण फिरवलं. पाइप हलवला. उभे राहिले आणि निंबाकडे नेम धरला. बोट खटक्यावर गेलं तेव्हा मंजुषा त्यांच्या अंगावर जाऊन आदळली, आणि पाइप तिने दोन्ही हातांनी ओढून घेतला.

"येडी झाली का वं? काय..."

तिने बापाच्या तोंडावर हात दाबला. जन्मात पहिल्यांदा. तिच्या तळव्याखाली त्यांचे ओठ हलत होते. मग हात काढून, झाकण उघडून तिने पाइप मातीत उपडा केला.

"हळू बोला बाबा. पौर्णिमा झोपली आहे."

"मंग?" दौलतराव खरंच हळू बोलले, पण रागाने. "झोपली तं झोपली. वांदरं खाऊन राह्यले तिकडे. काहून हिसकली बंदूक?"

पौर्णिमा तोवर आपोआप जागी झाली होती. ती पोत्यावर उठून बसली. एकदा बापाकडे, एकदा ताईच्या हातातल्या पाइपाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ते दौलतरावांनी पाहिलं. मग त्यांनी मंजुषाकडे पाहिलं.

"काय हाय? तुमी दोघी मायापासून काय लपून राह्यल्या?"

"पौर्णिमाचं हृदयही तसंच आहे," मंजुषा म्हणाली. "अनुपसारखं."

दौलतराव पाइपाकडे पाहू लागले. पोरीने तो का हिसकला, का धावली, तोंडावर हात का दाबला, हे त्यांच्या डोक्यात एकेक करून बसत होतं, आणि मंजुषाला ते बसताना दिसत होतं. त्यांनी मचाणाकडे वर पाहिलं. मग विचारलं,

"मंजे, खरं सांग. म्या त्या दिशी बंदूक नसती फोडली, हातानं हालवून उठोलं असतं, तं उठला असता का थो?"

उत्तर तयार होतं. नाही बाबा, त्याची वेळच भरली होती. गावातली कोणीही म्हातारी हेच म्हणाली असती, आणि बाप त्यावर जगला असता. पण मग उद्या तो म्हणाला असता, वेळ भरल्याशिवाय कोणी मरत नाही, मग एवढं भेव कायले? नवा पाइप आणायला शेलूबाजार लांब नव्हता. आणि पौर्णिमा तिथेच पोत्यावर बसून, गुडघे छातीशी घेऊन, ताई काय सांगते ते ऐकत होती.

"हो," मंजुषा म्हणाली. "उठला असता."

दौलतराव हरभऱ्याच्या ओळीत, होते तिथेच बसले. पौर्णिमा उठून त्यांच्याजवळ गेली, तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांना लागला की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने निंबावरची उरलेली वांदरंही खाली उतरली आणि घाटे सोलून खाऊ लागली. त्यांना हाकलायला तिघांतलं कोणीच उठलं नाही.